हवालदाराची पेन्शन

१८८६ साली गोपाळ कृष्णा वलंगकर मुंबई इलाख्याच्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीला येऊन राहिले. मूळ गाव रावढळ, महाड तालुक्यातले. जन्म १८४० च्या सुमाराचा, म्हणजे पलटण सुटली तेव्हा वय पंचेचाळिशीच्या आसपास. पुढची चौदा वर्षे त्यांनी जे लिहिले, जे अर्ज केले, ज्या सभा घेतल्या त्यांमुळे आज त्यांचे नाव अस्पृश्यांच्या पहिल्या पत्रकारांत आणि जोतीराव फुल्यांच्या अनुयायांत घेतले जाते. ते योग्यच आहे. मला मात्र ते सगळ्यात आधी पेन्शनर म्हणून दिसतात. माझी सगळी नोकरी कोकणातल्या कोषागारात गेली. माझे आजोबा महार रेजिमेंटचे शिपाई होते आणि ते गेल्यावर आजीच्या नावाने येणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनावर आमच्या घरातली दोन शिक्षणे झाली. पेन्शन घरात काय करते हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे. म्हणून या हवालदाराची गोष्ट मला त्याच बाजूने सांगायची आहे.

निवृत्त शिपाई आपल्या गावी परत का गेला नाही, हा पहिला प्रश्न. रावढळला घर होते, माणसे होती. पण गावात महाराचे काम ठरलेले होते. गावाची राखण करायची, सांगावा पोचवायचा, अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचे, लाकडे फोडायची, मेलेले ढोर ओढून न्यायचे. त्याच्या बदल्यात वतनाचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागून आणलेली शिळी भाकरी. या व्यवस्थेत महाराच्या पोटात जाणारा दाणा कुणा ना कुणाच्या हातातून यायचा, आणि तो हात कधीही आखडता येत असे. जो माणूस वीस वर्षे बूट घालून, बंदूक खांद्याला लावून, वरिष्ठाच्या डोळ्याला डोळा देऊन उभा राहिला, त्याने परत येऊन गावच्या चावडीसमोर वाकून ‘जोहार मायबाप’ म्हणावे, अशी गावाची अपेक्षा असे. पलटणीत मिळालेला बिल्ला वेशीच्या आत चालत नव्हता.

दापोलीत ते टळत होते. पेशवाई बुडाल्यावर कंपनीने दक्षिण कोकणाचे लष्करी ठाणे म्हणून ही जागा निवडली. समुद्रसपाटीपासून उंच, हवा थंड, हर्णैचे बंदर जवळ. लष्कर पुढे उठले, पण ‘कॅम्प दापोली’ हे नाव राहिले, सुरूची झाडे राहिली, गोऱ्यांचे चर्च राहिले आणि राहिले ते पेन्शनर. रत्नागिरी जिल्हा हा मुंबईच्या फौजेचा मोठा भरतीचा मुलूख. मराठे, महार, मुसलमान आणि किनाऱ्यावरचे शनिवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, यांच्यापैकी कितीतरी घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जात. त्यांतले महार निवृत्त झाल्यावर जुन्या छावणीच्या आसऱ्याला येऊन राहू लागले. इथे चावडी नव्हती, बलुते नव्हते, खळ्यावर उभे राहणे नव्हते. पैसे सरकारी तिजोरीतून येत आणि ते द्यायचे की नाही हे पाटील ठरवत नसे.

कोषागारात बसून मला हे रोज दिसायचे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला म्हातारे शिपाई यायचे. काठी टेकत, मुलाच्या नाहीतर नातवाच्या आधाराने. रक्कम फार मोठी नसायची, पण खिडकीशी उभे राहण्याची त्यांची रीत वेगळी असायची. शेतमजुरी करून आयुष्य काढलेला त्यांचाच भाऊबंद त्याच आवारात दुसऱ्या खिडकीशी अंग चोरून उभा असायचा, आणि हा मात्र आपले नाव, नंबर, पलटण खणखणीत सांगायचा. मागतो आहे असे नाही, घेतो आहे असे. १८८६ च्या दापोलीतही तो आवाज असाच असणार, असे मला मनापासून वाटते.

या पेन्शनीबरोबर आणखी एक गोष्ट पलटणीतून आली होती, ती म्हणजे अक्षर. मुंबईच्या फौजेत शिपायांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी पलटणीच्या शाळा होत्या. गावच्या शाळेत ज्यांना दाराबाहेर उभे राहायची चोरी, ती माणसे पलटणीत लिहायला-वाचायला शिकली. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे रामजी सकपाळ अशा शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते आणि सुभेदार-मेजरच्या हुद्द्याला पोचले. त्यांचे वडील मालोजी फौजेतलेच, आणि पत्नी भीमाबाईंचे मुरबाडकर घराणेही सुभेदारांचे. रामजींचा धाकटा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मला. पुढे दोनेक वर्षांत रामजी निवृत्त झाले आणि तेही दापोलीलाच आले. त्या मुलाची शिक्षणाची सुरुवात इथलीच.

तर १८८० च्या दशकाच्या अखेरीस दापोलीत अशी माणसे होती, ज्यांना वाचता येत होते, लिहिता येत होते, ज्यांच्या चुलीवर गावाचा ताबा नव्हता आणि ज्यांच्यापाशी वेळ होता. या तीन गोष्टी एका अस्पृश्य माणसाकडे एकदम असणे हे त्या काळात फार दुर्मीळ होते. वलंगकरांनी त्या तिन्ही वापरल्या. फुल्यांच्या विचारांनी ते भारावले होते. सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ आणि आगरकरांचे ‘सुधारक’ या पत्रांतून ते लिहू लागले. १८८८ साली त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ निघाले. एका महार हवालदाराने धर्ममार्तंडांना छापील प्रश्न विचारले. विटाळ कुठून आला, शास्त्रात तो कुठे सांगितला आहे, सांगितला असेल तर तो कुणाच्या सोयीसाठी सांगितला? आर्यांनी बाहेरून येऊन इथल्या अनार्यांना जिंकले आणि जिंकलेल्यांना कायमचे खाली ठेवण्यासाठी जात रचली, अशी त्यांची मांडणी फुल्यांच्या वळणाची होती. तिचा इतिहास आजच्या संशोधकाला पुरता मान्य होणार नाही. पण त्यात एका शिपायाचे निरीक्षण आहे असे मला वाटते. हार-जीत काय असते, हरलेल्याला कसे वागवतात, हे त्याने आयुष्यभर जवळून पाहिले होते. आपल्या लोकांची दशा ही गेल्या जन्मीच्या पापाची शिक्षा नसून कुठल्या तरी हरलेल्या लढाईचा परिणाम आहे, ही गोष्ट त्याला लवकर पटली असणार. आणि लढाईचा परिणाम बदलता येतो.

त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ ही संस्था काढली. तिच्यामागचे बळ मुख्यतः अशाच निवृत्त शिपायांचे होते. मेलेल्या ढोराचे मांस सोडा, मुले शिकवा, हा आपल्या माणसांना उपदेश, आणि सरकारला अर्ज, असे दुहेरी काम. अर्ज करणे हीदेखील पलटणीचीच शिकवण. तक्रार तोंडी करायची नाही, कागदावर करायची, योग्य अधिकाऱ्याच्या नावे करायची आणि उत्तर आले नाही तर पुन्हा करायची.

दापोलीतला सगळ्यात जिव्हाळ्याचा अर्ज मुलांच्या शाळेचा होता. ज्यांनी सरकारची चाकरी केली, ज्यांच्याकडून नगरपालिका कर घेते, त्यांच्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत का घेत नाही, असा निवृत्त महार शिपायांचा सवाल होता. १८९० नंतरच्या त्या दोन-चार वर्षांत हा वाद बराच चिघळला. मुलांना वर्गात घ्यायचे नाही आणि सरकारी नियमामुळे सरळ नाही म्हणता येत नाही, यातून काढलेली वाट म्हणजे पडवी. मुले बाहेर पडवीत बसत आणि आतला धडा कानावर पडेल तेवढा घेत. बापाने पलटणीत एका रांगेत उभे राहून कवायत केली आणि मुलगा शाळेत भिंतीच्या बाहेर.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या किनाऱ्याने देशाला तीन भारतरत्ने दिली, हे दापोलीकर अभिमानाने सांगतात. मुरुडचे महर्षी कर्वे, आंबडव्याचे बाबासाहेब आणि महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. काण्यांचे शालेय शिक्षण दापोलीच्या मिशनच्या शाळेत झाले, त्यांचे वडील दापोलीतच वकिली करत. जन्म १८८० चा. म्हणजे धर्मशास्त्राचा पाच खंडांचा इतिहास पुढे ज्यांनी लिहिला, ते काणे बारा-चौदा वर्षांचे विद्यार्थी असताना त्याच गावात धर्मशास्त्राचा आधार सांगून काही मुले पडवीत बसवली जात होती, आणि त्याच गावात एक निवृत्त हवालदार ‘तो आधार दाखवा’ म्हणून छापून विचारत होता. तीन रत्नांची नावे घेताना या चौथ्या माणसाचे नाव कुणी घेत नाही, याचे मला वाईट वाटते.

मग १८९२ आले. हिंदुस्थानच्या फौजेची नव्याने मांडणी चालली होती. लॉर्ड रॉबर्ट्‌स सरसेनापती होते आणि काही जाती जन्मतःच लढवय्या, बाकीच्या नाहीत, हा सिद्धान्त त्यांच्या अमदानीत सरकारी धोरण झाला. पलटणी जातवार लावायच्या ठरल्या. जुन्या मुंबई फौजेची ख्याती नेमकी उलट होती. तिथे सगळ्या जातींचे शिपाई एकाच कंपनीत असत, आणि महार, ज्यांना लष्करी कागदांत ‘परवारी’ म्हणत, सुभेदारापर्यंत चढत. नव्या मांडणीत त्यांना जागा उरली नाही. महारांची भरती बंद झाली. ज्या सरकारने त्यांच्या मदतीने राज्य मिळवले, त्याच सरकारने ते लढवय्ये नाहीत असे ठरवले.

त्या सरकारचाच दगड भीमेच्या काठी उभा होता. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीने दिवसभर, तहानेने व्याकुळ होऊन, पेशव्यांच्या फौजेशी झुंज दिली. त्याच्या आठवणीसाठी कंपनीने स्तंभ बांधला. त्यावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या ४९ जणांची नावे कोरली आहेत आणि त्यांतली २२ ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महारांची. दगडावर नाव राहिले आणि भरतीच्या वहीतून जात गेली. स्मारक उभारून सरकार मोकळे होते, पण रोजी बंद झाली की घर उघडे पडते. दोन्ही गोष्टी एकच सरकार करू शकते, हे दापोलीच्या पेन्शनरांनी तेव्हा पाहिले.

१८९४ साली मंडळीच्या वतीने वलंगकरांनी मुंबईच्या सरसेनापतींच्या नावे अर्ज तयार केला. कंपनीच्या काळापासून आपल्या लोकांनी केलेल्या चाकरीचा हवाला देऊन भरती पुन्हा सुरू करा, अशी मागणी. रामजी सकपाळांनीही या बंदीविरुद्ध खटपट केली आणि अर्जाच्या मसुद्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतली. या अर्जाबद्दल दोन शब्द सविस्तर लिहिले पाहिजेत. ‘विटाळ विध्वंसन’मध्ये वलंगकर म्हणतात, आम्ही अनार्य, इथले मूळचे. अर्जात मात्र ते म्हणतात, आम्ही मूळचे क्षत्रिय, काळाच्या फेऱ्याने खाली आलेले. टीकाकार यात विसंगती काढतात. मला ती तशी वाटत नाही. पहिले लेखन आपल्या माणसांसाठी आणि धर्ममार्तंडांसाठी होते, दुसरे साहेबासाठी. साहेबाने लढवय्येपणाचे माप जन्मावर ठेवले होते, म्हणून त्याच मापात बसेल असे उत्तर दिले. पण दोन्ही मजकुरांच्या बुडाशी एकच म्हणणे आहे. आम्ही जन्मतः हीन नाही, आम्हाला हीन केले गेले.

तरी या अर्जात मला एक दुखरी जागाही दिसते. ज्या फौजेने त्यांना माणूस म्हणून उभे केले, ती परक्यांची होती. इमानदारीचे पुरावे द्यायचे ते परक्या राजाला, आणि ते का द्यावे लागतात तर आपल्याच गावाने दार लावले म्हणून. आज या शिपायांवर कुणी ‘इंग्रजांचे चाकर’ असा शिक्का मारतो, तेव्हा मी एवढेच विचारतो की त्याच फौजेत हजारोंनी मराठे होते, मुसलमान होते, बेने इस्रायल होते. त्यांनाही हेच म्हणणार का? आणि म्हणणार असाल, तर त्या वेळी गावाने या माणसांना दुसरा कोणता उद्योग दिला होता, तेही सांगा.

भरतीबंदीचा खरा घाव पुढच्या पिढीवर बसला. तेव्हाची पेन्शन एका माणसाच्या हयातीपुरती असे. दापोलीचे, महाडचे, मंडणगडचे म्हातारे एकेक करून गेले, तसतशी त्या घरांत येणारी रोकड थांबली. मुलगा पलटणीत जाऊ शकत नव्हता, म्हणून त्याच्या मुलाला पलटणीची शाळा नव्हती. काहींना मुंबईच्या गिरण्या आणि गोदी मिळाली, काहींना परत गावचे वतन. एक शिकलेली पिढी उभी राहिली होती आणि तिच्या मागे शिडी काढून घेतली गेली.

१८९५ मध्ये सरकारने वलंगकरांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमले. सवर्ण सभासदांना ते रुचले नाही. महाराच्या शेजारी खुर्ची लावून कारभाराचे बोलायचे, हे त्यांच्या कल्पनेत बसत नव्हते. हवालदाराला मात्र खुर्चीचे नवल नसावे. १९०० साली रावढळला त्यांचा अंत झाला. ज्या गावात हवालदार म्हणून परतायचे टाळले होते, तिथेच अखेर ते गेले. पण ते गेले तेव्हा त्या गावातला माणूस सरकारच्या बोर्डावर बसून आलेला होता.

मंडळीचे काम पुढे त्याच जोमाने चालले नाही, पण त्या अर्जांची रीत मेली नाही. पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ काढले आणि १९१० साली भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांना निवेदन पाठवले. त्यात पुन्हा तीच मागणी, फौज आणि पोलिसांत घ्या. उत्तर अर्जाने आले नाही, ते महायुद्धाने आले. माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ पर्यंत ती मोडलीही.

कांबळ्यांनीच कोरेगावच्या स्तंभाशी सभा घ्यायला सुरुवात केली होती, आणि १ जानेवारी १९२७ रोजी तिथे डॉ. आंबेडकर आले. इंग्रजांनी आपल्या विजयासाठी बांधलेला दगड त्या दिवसापासून हळूहळू दुसऱ्याच कुणाचा झाला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मार्चच्या १९ आणि २० तारखांना, महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ज्या तालुक्याच्या बोर्डावर वलंगकर बसले होते, त्याच तालुक्याचे हे गाव. अध्यक्षपदावरून बोलताना बाबासाहेबांनी या भागातल्या जुन्या लष्करी पेन्शनरांची आठवण काढली. वलंगकरांचे नाव घेतले, त्यांच्या ‘दीनबंधु’तल्या लेखांची याद दिली. फौजेमुळे या मुलखातल्या अस्पृश्यांत शिक्षण कसे आले, मोठेपणा कसा आला आणि भरतीबंदीने तो कसा गेला, ते त्यांनी सांगितले. बोलणारा स्वतः त्या पेन्शनीवर वाढलेला मुलगा होता. परिषदेच्या तयारीत निवृत्त सुभेदार-जमादार राबत होते. दुसऱ्या दिवशी सगळे पाणी प्यायला चवदार तळ्यावर गेले.

पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. माझे आजोबा तिच्यात गेले. आमच्या घरी त्यांच्या पेटीत सेवापुस्तक आहे, त्यावर त्यांची सही आहे, मराठीत, थोडी वाकडी. आजीला सही येत नव्हती. तिचा हयातीचा दाखला वर्षानुवर्षे अंगठ्यावर झाला. माझ्या आईला मात्र आजीने त्याच पेन्शनीतून महाडच्या शाळेत घातले, आणि आई वर्गात बसली.